दार नंबर पंचवीस हजार पाचशे पासष्ट

केबलवाले ढोमणे म्हणाले,
"भाऊ, तुमचा पत्ता तुमचा एकट्याचा नाही,
आख्ख्या नंदनवनचा मिळून एकच आहे.
वेगळा पाहिजे तर महिन्याले दोनशे जास्त."
मी दिले. औषधाच्या दुकानात
दोन रात्रपाळ्या जास्त काढल्या
आणि जगात माझा एक पत्ता झाला :
चार आकडे, मध्ये तीन टिंबं.
भाड्याच्या या खोल्यांना कधी नव्हता
इतका कायमचा.

मशीन सीताबर्डीहून, एका बुडालेल्या कोचिंग क्लासचं.
डब्यावर अजून चिकटलेलं : आसन क्रमांक १४.
आत बोटभर धूळ, एक वाळलेली पाल
आणि आठ जीबी रॅम, जी पुरते
सातजण असले तर.
आठवा आला की सगळं जग उचक्या देतं.

राउटरच्या पोटात शिरून मी एक दार उघडलं.
पासष्ट हजारांतलं एकच,
बाकीच्यांना कड्या.
आई मागे उभी होती, हातात लसूण.
"म्हंजे कोणीबी येईन?"
ज्याला पत्ता माहीत तो.
"मी झोपली असंन तवा?"
तेव्हाच येतात, आई.
त्या रात्री तिनं पुढच्या दाराचं कुलूप
दोनदा ओढून पाहिलं.

पहिला आला मोमिनपुऱ्याचा झुबेर.
मग पायल मेश्राम, पुण्याच्या होस्टेलमधून, कुजबुजत.
मग तुमसरचे कोसरे जुळे, एकाच फोनच्या नेटवर,
एक चालायचा तेव्हा दुसरा गोठायचा.
पहिल्या रात्री नुसत्या भिंती झाल्या, छप्पर राहिलं.
आठवड्यात एक तलाव झाला,
फुटाळ्यासारखा, पण काटकोनातला.
संत्री नाहीत त्या जगात,
म्हणून पायलनं झाडांना कंदील टांगले, दोनशे चाळीस.
दुरून बाग वाटायची.

सकाळी आई विचारायची, किती आले होते?
पाच.
"चहा नाही, पाणी नाही, दारात चपला नाही,
कसले पाहुणे हे बापा."

एप्रिलमध्ये कोणी काळाबिबट नावाचा आला
आणि एका रात्रीत बाग जाळून गेला.
मी एक ओळ लिहिली, एंटर दाबलं,
तो हद्दपार.
आईला सांगितलं, भंडाऱ्याकडचा होता,
आवाजावरून बारा-तेराचा.
काळजी नको, पहाटे चारची प्रत असते माझ्याकडे,
कालची बाग आणली परत.
तिचं लसूण सोलणं थांबलं.
"कालचं येते परत?"
या डब्यातलं येतं.
बराच वेळ नुसता कुलरचा आवाज.
मग म्हणाली,
"मंग त्या पोराले काढलं कायले?"

याला उत्तर कुठल्याच मदतपानावर नव्हतं.
तीन दिवस मी चिडून होतो.
चौथ्या रात्री ती ओळ खोडली, कुणाला न सांगता.

मे. सेहेचाळीस.
दुकानात सलाइनच्या बाटल्यासुद्धा कोमट.
डब्याचा पंखा रडत होता,
प्रोसेसर एक्क्याण्णववर,
आणि कुलर घरात एकच.
मी सर्व्हर बंद करायचं ठरवून घरी आलो, रात्री दीडला.
पाहतो तर कुलरचं तोंड मशीनकडे फिरवलेलं,
खाली विटा लावून उंची बरोबर केलेली,
वाळ्याचा वास थेट आसन क्रमांक चौदावर.
आई फरशीवर, कपाळावर ओला टॉवेल, जागी.
"पाहुणे होते ना आतमंदी."

पडदा लावला. सातजण होते.
झुबेर छप्पर घालत होता, अखेर.
एवढ्यात दारातून आठवा :
काळाबिबट. काही बोलला नाही.
बागेच्या कडेला जाऊन
एकेक रोप लावू लागला, वेडंवाकडं,
ओळ नाही, अंतर नाही.
पायलनं त्याच्यासमोर एक कंदील ठेवला
आणि जग अडखळलं. तलाव थांबला, सुटला, थांबला.

काय झालं? आईनं पडल्या पडल्या विचारलं.
उचक्या लागल्यात, म्हटलं.
"कोणीतरी आठवण काढून राहिलं असंन.
पाणी दे त्याले."

मी बादली घेतली.
कुलरची टाकी खरंच तळाला गेली होती.